गाळलेलं पाणी

वाशिमच्या कॉलेजात देवमन सर रसायनशास्त्र शिकवायचे. किन्हीराजा गावच्या बौद्धपुऱ्यातले पहिले एम. एस्सी. त्यांना वेड एकाच गोष्टीचं. पाण्यात ठरावीक रसायनं कालवली की ते गुलाबी व्हायचं, नितळ व्हायचं, पुन्हा गुलाबी. कुणी हात न लावता. हे होताना पाण्याच्या आत काय चाललेलं असतं, ते मुंबईच्या मॅग्नेटिक रेझोनन्सच्या यंत्रावर टिपता येणार होतं. यंत्रावर वेळही मिळाला होता. घोडं पेंड खात होतं ते रजेपाशी, आणि रजा संस्थेचे अध्यक्ष हुकूमचंदशेठ यांच्या हातात.

"आधी मले दाखवा," शेठ म्हणाले. "घरीच या. चार लोकांसमोर होऊ द्या."

सरांनी वाफ थंड करून धरलेलं पाणी बाटलीत भरून नेलं. या प्रयोगाला मिठाचा अंश म्हणजे विषच. बाटली ओसरीवर ठेवून ते बैठकीत मंडळींना समजावत बसले. मग बाटली आणली, रसायनं कालवली. रंग काही पालटेना. ढवळलं, वाट पाहिली. कुणीतरी फिसकन हसलं.

दारातून शेठाणी सूरजबाई म्हणाल्या, "सर, तुमची बाटली म्या रिकामी करून भरली बरं! बिनगाळलेलं पानी आमच्या जैनाच्या घरात चालत नाई. आमच्या आडाचं भरलं, गाळून, उकळून. याच्याहून शुद्ध पानी साऱ्या गावात नाई."

आड मचूळ. गाळून का कुठं मीठ निघतं!

सरांना सगळं उमगलं. एकच वाक्य बोलायचं होतं: बाई, हे पाणी शुद्ध नाही. पण त्यांचा बाप पुंजाजी याच घरी पोती वाहायला यायचा, तेव्हा या आडापासून लांब ओंजळ धरून उभा राहायचा, कुणी वरून धार धरील म्हणून. त्याच्या पोरानं या पाण्याला नावं ठेवायची? एवढं शिकलेला माणूस, आणि जीभ उचलेना! स्वतःचीच चीड आली त्यांना.

"काहून होऊन नाई राह्यलं, मास्तर? पान्यात खोट हाय काय?"

"नाई शेठजी. पानी चांगलंच हाय. माहंच चुकलं."

"मंग इथं जमत नाई ते कराले मुंबईले कायले जाता? पोरं शिकवा, पोरं!"

मंडळी हसली. रजेचा विषय तिथंच मिटला.

सूरजबाईंना वाईट वाटलं. त्यांनी पेला भरून आणला आणि सरांच्या हातात दिला, हातातून हातात. बापाला या दारी जे कधी मिळालं नाही, ते पोराला मिळालं. सरांनी ते मचूळ पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलं, आणि वर म्हणाले, "गोड हाय, बाई."