सुखरामची जीभ

दिघोरीच्या पलीकडच्या त्या लहानशा गावात बोडीत मासोळीचं बीज सोडायचं म्हटलं की आधी सुखरामची जीभ लागायची. बोडी म्हणजे छोटं तळं. उन्हाळाभर तिच्यात पालापाचोळा कुजतो, तळाशी गाळ सडतो आणि पाणी आंबट होतं. आंबट पाण्यात मासोळीची पिलं तग धरत नाहीत. म्हणून आधी चुना टाकून पाणी ताळ्यावर आणायचं. किती चुना टाकायचा, हे मात्र गावातल्या ढिवरांत, म्हणजे मासेमारांत, एकाच माणसाला कळत होतं. सुखराम गुडघाभर पाण्यात शिरायचा, ओंजळ तोंडात घ्यायचा, खळखळ फिरवून थुंकायचा आणि काठाकडे न बघताच सांगायचा, "दोन पोती."

बस. त्यावर वाद नाही की चर्चा नाही. एकदा तालुक्याच्या साहेबांनी मच्छीमार सोसायटीला पाणी तपासायच्या, रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या दिल्या होत्या. अध्यक्ष बाबूलालनं त्या कपाटात टाकल्या. साहेबांना तो म्हणाला, "आमच्याकडे सुखरामभाऊची जीभ आहे जी, कागद कायले पायजे?" सुखराम तेव्हा नुसता हसला होता. पण त्या दिवशी घरी येताना त्याची छाती चार बोटं पुढे होती, हे अख्ख्या गावानं पाहिलं.

मागच्या पौषात त्याची बायको रुखमिणी काविळीनं गेली. सुखराम रडला नाही. तिला नेताना नाही, दहाव्याला नाही, आणि अकराव्या दिवशी तर जाळं खांद्यावर टाकून सरळ तलावावर गेला. बायकांनी त्याला दगड म्हटलं. म्हणोत बापड्या. पण आत आपल्याला काहीच का होत नाही, हे सुखरामलाही कळत नव्हतं. जिथं दुखायला हवं तिथं चाचपडावं, तर तिथं काहीच नाही.

एवढं मात्र झालं की जेवणाची चव गेली. भात खाल्ला काय आणि कोंडा खाल्ला काय, सारखंच. सुखरामनं मनाशी धरलं की हेच आपलं दुःख. कोणाचं डोळ्यांवाटे येतं, आपलं जिभेवर येऊन बसलं. चाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं ती गेली, आता चव कुठली? या विचाराचा त्याला आधारच होता. आपण अगदीच दगड नाही, याचा तेवढा एक पुरावा त्याच्याजवळ होता.

दिवस मोकळे झाले तसा खर्रा वाढला. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदावर घोटून घोटून एकजीव केलेला खर्रा. आधी दिवसाला दोन पुड्या व्हायच्या, आता आठ होऊ लागल्या. तोंडात तेवढीच सोबत.

यंदाही आषाढात सुखराम बोडीत शिरला. ओंजळ तोंडात घेतली, फिरवली. काहीच लागलं नाही. आंबट नाही, गोड नाही, पाणी आहे एवढंच कळलं. काठावर पंधरा माणसं उभी होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे का त्याला सांगायला हवं होतं? दरवर्षीच्या सवयीनं तो म्हणाला, "दोन पोती."

त्याचा जुना जोडीदार डोमा चुना आणायचा, भिजवायचा आणि डोंग्यात उभं राहून बोडीभर शिंपायचा. त्यानं दोन पोती शिंपली. चार दिवसांनी सुखरामनं पुन्हा पाणी तोंडात घेतलं. दरवर्षी या वेळी जिभेला पाणी मऊ लागायचं, कडेला किंचित गोडसर. यंदा काही नाही. म्हणजे चुना पुरला नाही, असा त्यानं अर्थ लावला. आणखी दोन पोती. पुन्हा काही नाही. आणखी दोन.

शेवटच्या खेपेला डोमानं पाण्यात बोटं चोळून पाहिली आणि तो म्हणाला, "भाऊ, पानी बुळबुळीत लागून राहिलं. साबनासारखं. आता पुरे करू."

"जीभ माही का तुही?" सुखराम खेकसला.

डोमानं मान खाली घातली आणि सहावं पोतं फोडलं.

बीज सोडलं सोमवारी. मंगळवारी सकाळी काठाकाठानं पांढरी रेघ दिसत होती. जवळ गेल्यावर कळलं, ती बोटभरही न वाढलेली पिलं होती, हजारांनी. सोसायटीच्या बावीस घरांची वर्षभराची कमाई तिथं पोट वर करून तरंगत होती. सुखरामनं एक पिलू तळहातावर घेतलं. त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्यानं ते पिलू परत पाण्यात सोडलं आणि खर्र्याची पुडी उघडली.

दोष कोणाला द्यायचा, हे ठरायला गावाला दुपारही लागली नाही. सुखरामची जीभ चुकणं शक्य नव्हतं. मग उरला कोण? डोमा. त्यानं भलताच जहाल चुना आणला असेल, सांगितल्यापेक्षा जास्त ओतला असेल. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, तर संन्यासी हाताशी हवा असतो, आणि डोमा कायम हाताशीच असायचा. बाबूलालनं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभा बोलावली. डोमाला सोसायटीतून काढायचं, असं आधीच बोललं जात होतं. सोसायटीतून निघालेल्या ढिवराला ना बोडी, ना तलाव. मग पन्नाशीच्या डोमानं जावं कुठं? कोणाच्या तरी भाताच्या बांधीवर रोवणीला, मजुरीनं.

सभेच्या दिवशी सुखराम दुपारी जेवायला बसला. मुलगा सूरज वरठीच्या कारखान्यात असतो, आठवड्यातून एकदा येतो. घरी सून हर्षा. बारावीपर्यंत विज्ञान शिकलेली, आणि बोलण्यात कोणाची भीड न ठेवणारी. तिनं वाढलं, सुखराम जेवला, ताटात पाणी टाकून उठला. मग ती जेवायला बसली आणि पहिलाच घास तिनं थुंकून टाकला.

"मामाजी, तुम्ही हे वरन खाल्लं?"

"खाल्लं ना. काहून?"

"याच्यात मी दोनदा मीठ टाकलं. जनावर तोंड लावनार नाही याले."

हर्षा तरातरा आत गेली आणि दोन पेले घेऊन आली. एकात साधं पाणी होतं, एकात चिंचेचा कोळ. डोळे मिटायला लावून तिनं दोन्ही पाजले. "सांगा, आंबट कोनतं?"

सुखरामनं बराच वेळ तोंड हलवलं. मग म्हणाला, "पयलं." पहिलं साधं पाणी होतं.

"तोंड उघडा," हर्षा म्हणाली. तिनं त्याला अंगणात उजेडात नेलं. जीभ पांढरीफटक पडली होती, गालांची आतली कातडी जाड, खरखरीत झाली होती. तोंड दोन बोटांच्या वर उघडतच नव्हतं. मग लोटा घेऊन बोडीवर गेली आणि पाणी भरून आणलं. हळद कालवून कागदाला फासली, कागद वाळवला आणि त्यावर ते पाणी टाकलं. पिवळा कागद बघता बघता तांबडा झाला.

"हळदीच्या कपड्याले साबन लावला तं डाग लाल होते ना? तसंच आहे हे. पान्यात चुना लय झाला. डोमाकाकानं नाही टाकला जास्त. तुम्ही सांगतलं तेवढाच टाकला, अन् तुम्हाले चव कळत नाही." तिचा आवाज जरा खाली आला. "आंबट असते तिथं चुना बरा, मामाजी. नसते तिथं तो जाळते. बोडीत पिलं जाळली, तुमच्या तोंडात जीभ जाळली. दिवसाच्या आठ पुड्या."

सुखराम भिंतीला टेकून बसला. मासोळ्या मेल्याचं त्याला तेव्हा काही वाटलं नाही, डोमाचंही नाही. त्याच्या मनात एकच शब्द अडकून बसला. चुना. म्हणजे जिभेवर जे बसलं होतं, ते रुखमिणीचं दुःख नव्हतं. पुडीतला चुना होता. मग दुःख कुठं होतं? सहा महिने त्यानं कशाला धरून काढले?

संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. डोमा खांबाजवळ उकिडवा बसला होता. बाबूलालनं बोडीच्या पाण्याचा गडवा मध्ये ठेवला. "सुखरामभाऊ, चाखून सांगा. चुन्यात खोट होती का नाही? तुम्ही म्हनाल तसं करू."

"भाऊ सांगन ते मले मान्य आहे," डोमा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सुखरामला सोपं गेलं असतं.

सुखरामनं गडवा उचलला. एक शब्द पुरेसा होता. होती म्हटलं की डोमा बाहेर, आणि जिभेची पत शाबूत. त्यानं पाणी तोंडात घेतलं, फिरवलं, थुंकलं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. चाळीस वर्षं बघत आले होते तसेच.

"मले काहीच लागत नाही," तो म्हणाला.

"म्हंजे पानी चांगलं आहे?" बाबूलालनं विचारलं.

"म्हंजे माही जीभ मेली. मागच्या पौषापासून. यंदा मी चाखलंच नाही, नुसतं तोंड हलवलं. डोमानं मले सांगतलं होतं, पानी बुळबुळीत आहे म्हून. म्याच त्याले गप्प केलं. पिलं म्या मारली."

बाबूलाल उगाच गडवा इकडचा तिकडे करत राहिला. शेवटी म्हणाला, "साहेबाचे ते कागद कपाटात असतील, शोधतो," आणि सभा तिथंच मोडली. सुखरामला कोणी शिव्या दिल्या नाहीत. लोक त्याच्या बाजूनं वाट काढून निघून गेले. डोमा मात्र थांबला. सुखरामच्या खांद्यावर हात ठेवून तोही गेला.

घरी हर्षानं ताट वाढलं. सभेतलं तिच्या कानावर आलंच होतं. ती म्हणाली, "उद्या भंडाऱ्याले दवाखान्यात जाऊ. सूरजले फोन केला. खर्रा सोडला तं चव येईन म्हनते, सगळी नाही, थोडी थोडी."

सुखरामनं भाताला हात लावला नाही. त्यानं विचारलं, "येईन?"

"येईन ना. काहून नाही येनार?"

"अन् मंग," तो म्हणाला, "ती नसतानी मले जेवन गोड लागलं तं?"

हर्षाला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा तिचे डोळे भरून आले. सुखरामचे कोरडेच होते. तो ताटाकडे बघत बसला होता, आणि तिच्या उत्तराची खरोखर वाट पाहत होता.