जातीच्या रकान्यात ‘युरेशियन’

घ्या! सहा महिने खेटे घालून सुदर्शनला आजोबांच्या शाळेचा उतारा मिळाला, आणि जातीच्या रकान्यात काय, तर ‘युरेशियन’! उद्या पाचच्या आत लेकीचे, प्रियदर्शनीचे कागद जात पडताळणीला गेले नाहीत, तर पोरीची मेडिकलची राखीव सीट गेलीच म्हणून समजा. आणि पडताळणीला लागतो तो पन्नास सालच्या आधीचा कागद म्हणाल, तर हा एवढाच.

उतारा देताना शाळेचा कारकून म्हणाला होता, “साहेबाचे वारस दिसताय. मग लंडनलाच घ्या की ॲडमिशन.”

गोरा बाप आणि इथली आई असली की इंग्रजी अमदानीत पोराला कागदावर युरेशियन म्हणत, पाठीमागे हाफकास्ट. एवढं सुदर्शनने मोबाइलवर वाचलं, आणि तडक विश्रांतवाडीला घर गाठलं. आल्या आल्या त्याने आईला विचारलं, “आजोबांचे वडील कोण होते?”

द्वारकाबाई मेथी निवडत होत्या. हात काही थांबले नाहीत.

“खडकीच्या छावणीतला गोरा शिपाई. मामंजींची आई त्याच्याकडे भांडी घासायची. तो गेला बोटीत बसून. मामंजींना सगळी वस्ती ‘अर्धा साहेब’ म्हणायची.”

“आणि मला आज सांगतेस?” सुदर्शन ओरडलाच. “आता पोरीचं काय करू? फाडून टाकू हे?”

“फाड. शाळेतलं रजिस्टर कसं फाडशील?”

तो तिच्यासमोर खाली बसला.

“मला एक सांग,” आई म्हणाली, “मामंजी एवढे साहेबाचे, तर शाळेत दाराबाहेर का बसायचे? पाणी वरून का ओतायचे त्यांच्या ओंजळीत? मरेपर्यंत तेच सांगत होते. नीट वाच की तो कागद.”

आता बघा, हा शहाणा दुपारपासून त्या एका शब्दालाच चिकटून बसलेला. शेवटचा, शेऱ्याचा रकाना त्याने पाहिलाच नव्हता. त्याने चष्मा लावला. बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘आई महार. मुलास वर्गाबाहेर बसवावे.’

“सापडलं! आई, सापडलं!” सुदर्शन उडालाच. किती हायसं वाटलं म्हणून सांगू! आणि दुसऱ्याच क्षणी, आपल्याला हायसं वाटलं याचीच त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

आतून प्रियदर्शनी धावत आली. “काय सापडलं, बाबा? वाचा ना.”

कागद त्याच्या हातात होता, पण त्याला काही ते मोठ्याने वाचता येईना.