नमुना क्रमांक चार

"मला नका सांगू, याला सांगा." आईने काठीचं टोक तोडकरांच्या पोटरीला टेकवलं. "हा रोज हेच तोडतो."

डॉक्टरांचा हात हवेतच थांबला. हातात धातूचा खुबा होता. खाली मांडीच्या हाडात बसवायचा दांडा, वर तिरकी मान आणि मानेवर गुळगुळीत गोळा. तो बोटांत फिरवत "पंधरा-वीस वर्षं बघायला नको" असं म्हटलं की पेशंट निर्धास्त होतात, असा त्यांचा अनुभव होता. आईपुढे त्यांनी तो तीनदा फिरवला, तरी ती काठीवर हनुवटी टेकून तशीच बसली होती.

"तोडतो म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे," तोडकर ओशाळून म्हणाले. "सांधे येतात आमच्याकडे. मशीनला लावायचे आणि चालवत राहायचं."

"कुठपर्यंत?"

"तुटेपर्यंत. नाहीतर पन्नास लाख पावलं होईपर्यंत."

"तुटतात?"

"चालवत राहिलं तर सगळंच तुटतं, डॉक्टर. हा घडीव आहे की ओतीव? आणि मानेचा तिरकेपणा किती अंशांचा?"

डॉक्टरांनी खुबा ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर लावून घेतला. "तुम्ही असं करा," ते आईला म्हणाले, "घरी विचार करून या."

तोडकरांचं खरं आडनाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. सव्वीस वर्षं माणूस येईल ती वस्तू तोडतो म्हटल्यावर सहकाऱ्यांनी त्यांचं तोडकर करून टाकलं, आणि ते इतकं अंगवळणी पडलं की एकदा कुरियरवाल्याकडून तोडकर साहेबांचं पार्सल त्यांनी तशीच सही करून घेतलं होतं. क्रेनचे हुक, शिड्या, खुर्च्यांचे पाय, बाबागाडीची चाकं, काय काय त्यांच्या हाताखालून गेलं होतं. दाबायचं, ओढायचं, वाकवायचं आणि शेवटी फॉर्म भरायचा. फॉर्मच्या तळाला दोनच पर्याय होते. 'तुटले' आणि 'तुटले नाही'. 'चांगले' असा पर्याय नव्हता आणि तोडकरांना त्याची कधी गरजही भासली नव्हती. एका नव्या कारकुनाने उत्साहाच्या भरात एका शिडीपुढे 'उत्तम' लिहिलं, तेव्हा त्यांनी ते स्वतः खोडलं होतं. "उत्तम कशावरून? आपण थांबलो, म्हणून नाही तुटली. एवढंच आपल्याला माहीत आहे."

असा माणूस घरात असला म्हणजे घरच्यांचं काय होत असेल, ते सांगायला नकोच. बादलीची कडी जाणार, ते म्हणायचे, आणि ती जायची. मेहुणे जेवायला आले असताना "त्या खुर्चीवर नका बसू" असं त्यांनी बजावलं. मेहुणे म्हणाले, तुमचं आपलं काहीतरीच, आणि मुद्दाम जोरात बसले. त्या दिवसापासून मेहुणे या घरात उभ्याउभ्याच चहा घेतात. बरं, एवढं सगळं खरं ठरूनही कौतुक म्हणून कुणी करत नव्हतं. बायको तर म्हणायची, "मला बघायला आले, तेव्हा घरच्यांनी विचारलं मुलगी कशी वाटली. हे म्हणाले, नापसंत करण्यासारखं काही आढळलं नाही."

आईचा खुबा झिजला होता. पहिल्या मजल्यावरून खाली उतरायचं म्हणजे अर्धा तास आणि वर चढायचं म्हणजे देवाचं नाव. पण तिचं खरं दुखणं गल्लीच्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर होतं. तिथे तिची मैत्रीण राहायची. आई तिला 'समोरची' म्हणायची. तीस वर्षं दोघी रोज दुपारी समोरचीच्या घरी पत्ते खेळत आल्या होत्या. समोरचीचे गुडघे आधीच गेले होते, त्यामुळे ती खाली उतरत नव्हती. आता आईला वर चढवत नव्हतं. आठ महिने खेळ बंद होता. मध्यंतरी दोघींनी खिडकीतून खेळून पाहिलं, पण समोरची कानाने अधू. आईला प्रत्येक पान ओरडून सांगावं लागायचं, आणि खालचा इस्त्रीवाला मध्येच म्हणायचा, "आजी, ते नका टाकू!"

"मला ऑपरेशन नकोय असं नाही," आई त्या रात्री जेवताना म्हणाली. "मला तिसरा मजला चढायचाय. पण आत घातलेलं ते लोखंड जिन्यात मोडलं, तर मी वर जायची की खाली? तू म्हण 'कर', की मी करते."

तोडकरांनी आमटीत चमचा फिरवला. "त्याच बनावटीचे सहा नमुने आलेत आमच्याकडे," ते म्हणाले. "परवा पहिला लावतो."

"आणि तुटले नाहीत तर म्हणशील?"

"बघू."

"बघ, बाबा. माझं वय शहात्तर आहे, एवढं फक्त लक्षात ठेव."

एका नमुन्याला बारा दिवस लागत. मिठाच्या पाण्यात उभा केलेला खुबा, वरून सेकंदाला पाच दणके, एक दणका म्हणजे एक पाऊल. संध्याकाळी तोडकर घरी आले की चपला काढायच्या आत आई विचारायची, "कुठवर गेली?" खुबा तिच्या लेखी बाईच होता. "बावीस लाख," तोडकर सांगायचे. आई खिडकीत जाऊन समोरचीला ओरडून सांगायची, "बावीस लाख!" समोरचीला काय समजायचं कोण जाणे, पण ती टाळ्या वाजवायची. पहिला तुटला नाही. दुसरा तुटला नाही. तिसराही नाही. आईने डॉक्टरांची तारीख घेतली, आणि पत्त्यांचा नवा जोड आणवला.

चौथा एकतीस लाखांवर मानेतून तुटला.

तोडकरांनी घरी येऊन काही सांगितलं नाही, पण न सांगण्याचं कसब त्यांच्याकडे कधीच नव्हतं. त्यांनी चपला काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या. आई त्यांच्याकडे बघत राहिली. "तुटली ना?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता खिडकीकडे निघाली.

"रद्द!" तिने ओरडून सांगितलं.

"काय?" समोरून आवाज आला.

"तुटला!"

"काय तुटलं?"

"खुबा! खुबा तुटला!"

"अगंबाई! कुठे पडलीस?"

"मी नाही गं पडले! खुबा पडला!"

पाच मिनिटांत इस्त्रीवाला, तळमजल्यावरच्या शिक्षिका आणि कुठून तरी मिळवलेली चाकांची खुर्ची असे तिघे दारात हजर झाले. आईने दार उघडलं तेव्हा ती आपल्या पायांवर उभी आहे हे बघून शिक्षिकाबाईंना हायसं वाटलं, पण खुर्ची वर आणण्यात इस्त्रीवाल्याचे नाकी नऊ आले होते, त्यामुळे त्याचा जरा हिरमोडच झाला. त्या सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावल्यावर आईने पत्त्यांचा नवा जोड, पाकीट न फोडता, कपाटात सगळ्यात खाली ठेवला. तिने आदळआपट केली नाही, कुणाला दोष दिला नाही. तोडकरांना त्याचंच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते तासभर आधी कामावर गेले. तुटलेला तुकडा त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा बारीक रेषा होत्या. एकाआत एक, आत लहान होत जाणाऱ्या. या रेषांचा माग काढत गेलं की भेग निघाली ती जागा सापडते, हे तोडकरांना झोपेतही येत असे. कधी तिथे धातूतला खडा निघायचा, कधी बुडबुडा. कुणाची ना कुणाची चूक निघायचीच, आणि ती काढताना मिळणारं सुख त्यांनी कुणाजवळ कबूल केलं नसलं, तरी होतं. ते रेषांच्या मागे मागे गेले. रेषा एका ओरखड्यापाशी जाऊन थांबल्या. ओरखडा वळणदार होता. तोडकरांनी भिंग सारखं केलं, तुकडा किंचित फिरवला, आणि त्यांना तो ओरखडा वाचता आला.

तो चारचा आकडा होता. अक्षर त्यांचंच होतं.

नमुन्यांवर क्रमांक कोरायचं काम तोडकरांचं. विजेच्या पेनने, दांड्याच्या अगदी तळाशी, जिथे जोर येत नाही तिथे कोरायचा, हा नियमही त्यांनीच सगळ्यांना शिकवलेला. पण चौथ्या नमुन्याच्या दिवशी त्यांची कंबर धरली होती. रोज वाकून तळाचा आकडा वाचायला नको, मशीनच्या काचेतून उभ्याउभ्या दिसावा, म्हणून त्यांनी तो मानेवर कोरला होता. मानेवर, जिथे दर पावलाला सगळा भार येतो. शिकाऊ माणसाने केलं असतं, तर त्यांनी त्याचे असे कान उपटले असते की तो जन्मात विसरला नसता. ते स्टुलावर बसून राहिले. मग आई आठवली, खुब्यात मूळची खोट नव्हती हे लक्षात आलं, आणि जीव भांड्यात पडला. मग या माणसाला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यांनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

विभागाच्या मॅडम वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. त्यांनी तुकडा पाहिला, आकडा पाहिला, आणि तोडकरांकडे बघायचं टाळलं. "कारणाच्या रकान्यात लिहू या की क्रमांक कोरण्याची जागा चुकली," त्या म्हणाल्या.

"जागा आपोआप चुकत नाही, मॅडम."

"मग काय लिहू?"

"माझं नाव लिहा." थोडं थांबून ते म्हणाले, "खरं आडनाव लिहा."

मॅडमना ते हजेरीपटात बघावं लागलं.

संध्याकाळी आईपुढे बसून त्यांनी सगळं सांगितलं. कंबर, पेन, मान, चार. आई गंभीरपणे ऐकत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. खुबा दुखेपर्यंत ती हसली, आणि दुखायला लागल्यावर "आई गं" म्हणत हसली.

"बादलीची कडी तू ओळखलीस," ती डोळे पुसत म्हणाली. "खुर्चीचा पाय ओळखलास. आणि स्वतःची कंबर नाही ओळखलीस?"

"पाचवा लावलाय. तळाशी कोरलाय. बारा दिवस थांब."

"कशाला? का तुटला ते कळलं ना? मग झालं की. मला वाटलं होतं कळलंच नाही. डॉक्टरांना फोन लाव." मग तिने हळूच विचारलं, "आता तरी म्हणतोस का, कर म्हणून?"

"तीन तुटले नाहीत," तोडकर म्हणाले. "चौथ्याचं कारण बाहेरचं होतं. म्हणजे आत्ता हातात जे आहे, त्यावरून न करण्यासारखं काही—"

"आढळलं नाही," बायकोने आतून वाक्य पूर्ण केलं.

"जाऊ दे," आई म्हणाली. "तुझ्या तोंडून शब्द निघेपर्यंत माझा दुसराही जायचा." आणि तिने स्वतःच फोन उचलला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आईच्या खोलीत तोडकर दर मिनिटाला कशाला तरी हात लावून बघत होते. खाटेचा दांडा, सलाइनचा खांब, स्ट्रेचरची चाकं. कुठला खुबा बदलायचा, यात गफलत नको म्हणून डॉक्टरांच्या सहायक बाई आईच्या उजव्या मांडीवर निळ्या पेनने बाण काढायला लागल्या, तेव्हा ते एकदम पुढे झाले.

"साधंच पेन आहे ना? कोरत नाही ना?"

सहायक बाईंनी मान वर केली. "तुम्हीच का ते?" त्या म्हणाल्या. "डॉक्टर सांगत होते."

नर्सने आईची कवळी काढायला लावली. ती कुठे ठेवायची असा प्रश्न पडला, तर तोडकरांनी खिशातला रुमाल पुढे केला. दात नसलेली आई त्यांनी फारशी कधी पाहिली नव्हती. ते काढले की तिचा चेहरा एवढासा व्हायचा. स्ट्रेचर निघालं. तोडकर बाजूने चालत होते. एक चाक किंचित लंगडत होतं, बेअरिंग गेलेलं होतं, आठवड्याभरात निखळलं असतं, आणि ते त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. दुहेरी दारापाशी नर्स म्हणाली, "तुम्ही इथवरच."

तोडकर आईवर वाकले. कंबर कुरकुरली.

"आई, काही होणार नाही," ते म्हणाले. "सगळं चांगलं होईल."

"काय म्हणालाश?" दातांवाचून आईचा शब्द घसरला. तिला आधी हसूच आलं. या माणसाने आजवर बादलीबद्दलसुद्धा असं विधान केलं नव्हतं. "कशावरून रे?"

तोडकरांनी तोंड उघडलं. कशावरून, ते काही सापडेना. आई त्यांच्याकडे बघत होती, आणि बघता बघता तिचं हसू थांबलं. पोरगा किती घाबरलाय, ते तिला तेव्हा कळलं. तिने चादरीतून हात काढला आणि त्यांच्या गालावरून फिरवला. तो लहान असतानासुद्धा तिने असं क्वचितच केलं होतं.

"बरं हं," ती म्हणाली. "तू म्हणतोश तर होईल."

मग ती नर्सकडे वळली. "चला, घ्या मला आत. हा उभा राहील इथंच."

दार लागलं. समोर बाकं होती, रिकामी होती, पण तोडकर बसले नाहीत. रुमालात गुंडाळलेली आईची कवळी दोन्ही हातांत धरून ते तिथेच उभे राहिले.