सुरभीच्या वहीतली अळी

शाळेतल्या छोट्या कार्यक्रमात पडद्यावर सुरभीची डिजिटल वही उघडली, तेव्हा नाहिद मॅडमला वाटलं, दुसऱ्याच कुणाची पानं लागली. नाव सुरभीचंच होतं. खाली मात्र पिवळंधमक फुलपाखरू आणि सुबक ओळ, 'माझ्या अंगणातील फुलपाखरू'. पुढच्या रांगेतल्या बियाणे कंपनीच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या वर्षी कोरोनामुळे पोरांच्या शाळा बंद होत्या. झरी जामणीकडच्या पोरांना विज्ञान शिकवायचं, तर नाहिदनं टॅबवरच्या वहीचा मार्ग धरला होता. पोरांनी घरी प्रयोग करायचे, फोटो काढायचे, खाली आपल्या शब्दांत लिहायचं. टेकडीवर चढून रेंज मिळाली की पान तिच्यापर्यंत पोचायचं. ती त्याच पानावर प्रश्न विचारून परत धाडायची. एखाद्या कीटकाचं जीवनचक्र बघा म्हटल्यावर सुरभीनं वावरातली किडकी बोंडं बाटलीत ठेवली. गुलाबी अळी, मग कोष, मग राखी रंगाचा इवलासा पतंग, सगळ्यांचे फोटो. खाली लिहिलं होतं, 'दुकानदार म्हणाला, या बियाण्याच्या कपाशीला ही अळी लागत नाही. लागली.' ते पान नाहिदनं कौतुकानं अख्ख्या स्टाफरूमला दाखवलं होतं.

आता तिनं शेजारी बसलेल्या मुख्याध्यापकांकडे पाहिलं. पुंडलिकराव समोर बघतच हळू आवाजात म्हणाले, "टॅब त्याईनंच देल्ले मॅडम. बियाणं बी त्याईचंच हाय. पाहुण्याच्या ताटात अळी वाढाची का?" पानं त्यांनीच आदल्या दिवशी बदलून घेतली होती. फुलपाखरू काय नि पतंग काय, चक्र तर सारखंच, अशी त्यांनी वर समजूतही घातली.

तेवढ्यात सूत्रसंचालकांनी सुरभीला व्हिडिओ कॉलवर घेतलं. टेकडीवर उभी असलेली पोरगी पडद्याच्या कोपऱ्यात दिसली. वही वाचून दाखव म्हटल्यावर तिनं ते पान नीट पाहिलं. मग म्हणाली, "हे माह्यं नाही. म्या बोंडअळी ठेवली होती."

पुंडलिकरावांनी कॉल तोडायची खूण केली आणि रेंज गेल्याचं जाहीर केलं.

नाहिदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर तिनं वरिष्ठांपुढे आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. ती उठली, लॅपटॉपपाशी गेली आणि वहीचं आधीचं रूप परत आणलं. अशा वहीत पुसलेलंही मागे शिल्लक राहतं. भिंतभर गुलाबी अळी उमटली.

"पोरगी खोटं बोलून नाही राह्यली," ती म्हणाली. "आपण तिच्या नावानं खोटं बोलून राह्यलो."

पाहुणे न जेवताच गेले. पुढच्याच आठवड्यात टॅब परत घ्यायचा हुकूम निघाला. पोरांची घरं नाहिदला ठाऊक, म्हणून गाडीत तिलाच बसवलं. गावोगाव दारात उभं राहून दिलेलं परत मागायचं, ही तिची शिक्षा होती.

सुरभीची आई भागीरथा आतून टॅब घेऊन आली. तिनं तो पदरानं पुसला, उजेडात धरून काच निरखली आणि पुढे केला. "पाहून घ्या मॅडम. एक ओरखडा नाही."

आता प्रयोग कुठं लिहायचे, एवढंच सुरभीनं विचारलं.

ड्रायव्हरनं टॅब पोत्यातल्या ढिगावर टाकला. नाहिदनं तो उचलून घेतला आणि परतीच्या वाटेवर पांढरकवडा येईपर्यंत मांडीवर धरून बसली.