पायरीवरची बॅग

सर्व्हेअरच्या चित्रात शनिवारी पायरीवर बॅग नव्हती. रविवारी होती.

जन्मभर लोकांच्या जमिनी मोजून निवृत्त झालेला माणूस तो. आपल्या चित्रात काय आहे आणि काय नाही, हे त्याला कुणी गाढ झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. चित्र होतं त्याच्या लहानपणच्या घराचं. तळहाताएवढ्या एका जुन्या फोटोवरून त्याने ते चार फुटी कॅनव्हासवर उतरवलं होतं, खिडकीचे गजसुद्धा पट्टी लावून. पायऱ्यांवर वडील, आई आणि दोघांच्या मध्ये सहा वर्षांचा तो स्वतः. तिघेही हसताहेत. आणि आता सगळ्यात खालच्या पायरीवर, वडिलांच्या पायाशी, पट्टा बांधलेली एक तपकिरी बॅग.

त्याने बोट टेकवून पाहिलं. रंग वाळलेला होता. ॲक्रिलिक वाळायला वेळ तो किती लागतो म्हणा.

कलादालन जुन्या छापखान्याच्या इमारतीत होतं आणि आसपासचे लोकच ते चालवायचे. वर्षातून एकदा तिथे हौशी मंडळींचं प्रदर्शन भरायचं. बेकरीवाल्याची जलरंगातली बदकं, दातांच्या डॉक्टरीणबाईंचे फाटक्या नकाशांवर रंगवलेले मासे, असं काय काय. सर्व्हेअरच्या शेजारची भिंत बटणवाल्या बाईंची. बाई पूर्वी कुठल्याशा कचेरीत टायपिस्ट होत्या. आता पुठ्ठ्यावर बटणं, चेनी, तिकिटांचे तुकडे चिकटवून मोठमोठी चित्रं करायच्या. खालच्या चिठ्ठीवर 'मिश्र माध्यम' असं लिहिलेलं असायचं. सर्व्हेअर त्याला मनातल्या मनात भंगार म्हणायचा.

उद्घाटनाच्या दिवशी बाई त्याच्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या होत्या.

"सगळं जागच्या जागी आहे," त्या म्हणाल्या होत्या. "म्हणूनच जरा खोटं वाटतं."

ते वाक्य त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं. बॅग पाहिल्याबरोबर पहिला संशय आला तो त्यांचाच. पण पुरावा काय? त्याने फक्त व्यवस्थापकाला विचारलं, "चाव्या कुणाकुणाकडे असतात हो?"

"एक माझ्याकडे, एक तुमच्या ताईंकडे," व्यवस्थापक म्हणाला. तो पूर्वी शाळेत कवायत शिकवायचा, त्यामुळे साधं बोलला तरी हॉलभर ऐकू जायचं. "का, काही हरवलं का?"

"नाही, सहज."

ताई म्हणजे सर्व्हेअरची थोरली बहीण. त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. दाराजवळच्या टेबलाशी बसून येणाऱ्यांकडून वहीत अभिप्राय लिहून घ्यायचं काम तिने हौसेने घेतलं होतं. दिवसभर ती तिथून हलायची नाही. त्याने तिला विचारलं, "माझ्या चित्रापाशी कुणी घुटमळत होतं का?"

"सगळेच घुटमळतात," ती म्हणाली. "चांगलं चित्र आहे ना."

सोमवारी आईच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

ओठांचे दोन्ही कोपरे खाली आले होते आणि डोळ्यांखाली जराशी सूज होती. बाकी चेहरा तसाच. बॅग ही कुणाची थट्टा असू शकते. पण आईचा चेहरा? तो दिवसभर हॉलमध्ये ठाण मांडून बसला. जो चित्राजवळ जाईल त्याच्या हाताकडे पाहायचा. बेकरीवाल्याच्या नखांत काहीतरी पांढरं दिसलं तेव्हा तो सावध झाला. पण तो मैदा निघाला. डॉक्टरीणबाईंनी "काय झालंय तुम्हाला, दात दुखतोय का?" म्हणून विचारलं तेव्हा तो ओशाळला. बटणवाल्या बाई मात्र त्याच्याकडे पाहून दोनदा हसल्या, आणि तेवढं त्याला पुरलं.

मंगळवारी चित्राच्या खालच्या कडेला एक सावली उगवली होती. लांबट, दोन वेण्या असलेल्या डोक्याची. कोपरं बाहेर आलेली, जणू कुणीतरी छातीशी काही धरून त्या तिघांसमोर उभं आहे.

आता त्याचा तोल गेला. हॉलमध्ये सात-आठ माणसं होती. तो तडक बाईंच्या भिंतीपाशी गेला.

"तुम्हाला माझं चित्र खोटं वाटत होतं ना? मग तोंडावर सांगायचं होतं. लपून रंग कसले फासता?"

बाईंनी आधी त्याच्याकडे, मग त्याच्या चित्राकडे पाहिलं. मग हातातली पर्स खाली ठेवली आणि दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. बोटं थरथरत होती. थांबवायचा प्रयत्न केल्यावर जास्तच.

"चार वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "मला सुईत दोरा ओवता येत नाही. बटणं मोठी असतात, धरता येतात, म्हणून बटणं लावते. हे मला कुणाला सांगायचं नव्हतं."

मग त्या त्याच्या चित्रापाशी गेल्या आणि सावलीवरून डोळे फिरवत म्हणाल्या, "ज्याने हे केलंय त्याचा हात फार सराईत आहे. तुमच्यापेक्षा. आणि त्याला हे घर माहीत आहे. माझ्यावर ओरडण्यापेक्षा हे घर माहीत असलेली माणसं मोजा."

मोजायला कितीशी होती? वडील नाहीत, आई नाही. घरसुद्धा पाडून तीस वर्षं झाली होती. उरली दोनच माणसं. एक तो.

बुधवारी तो दालन उघडायच्या सव्वा तास आधी पोचला. दाराला कुलूप नव्हतं. आत ताई त्याच्या चित्रासमोर स्टुलावर बसली होती. चष्मा नाकाच्या टोकावर, डाव्या हातात रंगाची बशी, उजव्या हातात चार केसांचा ब्रश. तो आल्याचं तिला कळलं, पण हात हलला नाही. सावलीच्या एका वेणीची कड तिने शांतपणे पुरी केली.

तेव्हा कुठे त्याला आठवलं. ताई सोळाव्या वर्षापासून फोटो स्टुडिओत कामाला होती. लोकांच्या गालावरचे वांग, कपाळावरच्या आठ्या, लग्नाच्या फोटोतल्या नको त्या पाहुण्यांची डोकी ती ब्रशने पुसून टाकायची. बावीस वर्षं केलं तिने ते. त्याच्या लेखी ती 'स्टुडिओतली नोकरी' होती; त्यात सराईत हात लागतो, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"ताई, हे काय चालवलंयस?"

"जे होतं ते परत ठेवतेय." तिने ब्रश पाण्यात बुडवला. "तो फोटो मी काढला होता. स्टुडिओचा कॅमेरा मागून आणला होता. ऊन माझ्या पाठीमागे होतं, माझी सावली पडली, ती पुसली. मालकांना सावली चालायची नाही. बॅगही पुसली."

"कसली बॅग?"

"बाबांची. ते त्याच दुपारी गेले."

"बाबा नोकरीसाठी गेले, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. तिकडेच आजारी पडून वारले."

"ते तुला सांगितलेलं. सहा वर्षांचा होतास, आणि ते नोकरीसाठी गेले नाहीत. त्यांना आपल्यात राहायचं नव्हतं. जायच्या आधी मीच हट्ट केला की एक फोटो काढू. आई आदल्या दिवसापासून रडत होती. मी तिचे डोळे नीट केले, ओठ जरा वर उचलले. दोन दिवस लागले मला तेवढ्याला."

सर्व्हेअर दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. एवढ्याने भागेना म्हणून पुन्हा उठला.

"मग आताच का? छप्पन्न वर्षं गप्प बसलीस."

"फोटो एवढासा होता," तिने तळहात दाखवला. "तू तो उशाखाली घेऊन झोपायचास, मला बरं वाटायचं. आता तू त्याचं चार फुटी केलंस. मी तिथे बसते, आणि येणारा प्रत्येक जण वहीत लिहितो, किती सुखी कुटुंब. पहिल्याच दिवशी सतरा जणांनी लिहिलं. मला ते वाचवेना."

"मला सांगायचं होतंस."

"तू ऐकलं असतंस? तू म्हणाला असतास, पुरावा दाखव."

तो खरंच तसंच म्हणाला असता. त्याने विचारलं, "मी हसत होतो का? का तेही तूच?"

"तू हसत होतास. तुला काय माहीत होतं? बाबांनी तुला गुदगुल्या केल्या होत्या."

दहा वाजता व्यवस्थापक आला. चित्र खाली उतरवायचं का, म्हणून त्याने आपल्या कवायतीच्या आवाजात विचारलं. सर्व्हेअर म्हणाला, राहू दे. मग तो बटणवाल्या बाईंपाशी गेला आणि काल जेवढ्या माणसांसमोर बोलला होता, जवळपास तेवढ्यांसमोर माफी मागितली.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी हात पदराखाली घेतले होते. "पण माझं गुपित आता सगळ्यांना कळलं. ते तुम्हाला परत ठेवता यायचं नाही."

ते खरंच होतं. शेवटच्या दिवसापर्यंत त्या त्याच्याशी कामापुरतंच बोलल्या.

प्रदर्शन संपल्यावर चित्र ताईच्या घरी गेलं. तिने मागितलं, त्याने दिलं. पुढच्या रविवारी त्याच्या बायकोने पाहिलं तर जेवणाच्या टेबलावर घरातले सगळे जुने अल्बम पसरलेले. मुंजीतले, सहलीतले, त्यांच्या लग्नातले. हा माणूस एकेक फोटो खिडकीच्या उजेडात तिरका धरून बघत होता.

"काय शोधताय?"

"हा आपल्या लग्नाचा फोटो कुणी धुतला होता?"

"तुमच्या ताईंच्या स्टुडिओत. का?"

त्याने फोटोतल्या नवरीचा चेहरा डोळ्यांजवळ नेला. मग समोरच्या बायकोकडे पाहिलं.

"त्या दिवशी तू खूश होतीस का गं?" तो म्हणाला.

बायकोने अल्बम मिटला आणि त्याच्या समोरची खुर्ची ओढून घेतली.

"बसा," ती म्हणाली. "सांगते."