शिंपीकाकांचा बरा झालेला गुडघा

शिंपीकाकांचा उजवा गुडघा पूर्ण बरा झाला होता, आणि ही बातमी फुटू नये म्हणून ते जिवाचं रान करत होते. गुडघा बरा म्हणजे फिजिओथेरपी बंद. फिजिओथेरपी बंद म्हणजे दवाखान्यातला बाक बंद, आणि बाकावरच्या मास्तरीणबाई न् ड्रायव्हरही बंद. मग दुपारी बोलायला उरणार घरचा फ्रिज. तो घरघर करायचा, पण काकांच्या विनोदाला हसायचा नाही.

त्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, जरा चालून दाखवा."

काका झकास लंगडले. भिंतीपर्यंत गेले, कण्हत परत आले. बाकावरून मास्तरीणबाई खोकल्या. पुन्हा खोकल्या. काकांना काही कळेना.

"ऑपरेशन उजव्या गुडघ्याचं ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "मग लंगडताय डाव्या पायानं?"

"सोबतीला," काका म्हणाले. "बिचाऱ्या उजव्यानं एकट्यानंच किती सोसायचं?"

ड्रायव्हर असा फिस्सकन हसला, की त्याचा चष्माच खाली पडला. त्यानं कमरेत वाकून तो पटकन उचलला आणि तसाच वाकलेला थिजला. याच न वाकणाऱ्या कमरेसाठी तो इथे येत होता.

"अहो, काय हा वेंधळेपणा!" म्हणत मास्तरीणबाईंनी दोन्ही हात वर करून कपाळावर मारून घेतले. त्यातला डावा हात खांद्याच्या वर जात नाही, अशी त्यांची तक्रार होती.

डॉक्टरीणबाईंनी काकांचा गुडघा वाकवून कोन मोजला. "उत्तम! तिघांनाही सुट्टी. उद्यापासून इथे दिसायचं नाही. खरे पेशंट ताटकळत उभे असतात."

तिघं बाहेर पायरीवर येऊन उभे राहिले. काकांच्या डोळ्यांपुढे फ्रिज दिसायला लागला. इतके महिने शेजारी बसून कुणी कुणाचं घर पाहिलं नव्हतं. दुखत नसताना कुणाला बोलवायचं कसं, हेच ते विसरले होते.

"उद्या माझ्याकडे येता?" काका चाचरत म्हणाले. "चहा करतो. फक्त... तिसरा मजला आहे. लिफ्ट नाही."

"बाप रे! गुडघ्यांची पार वाट लागेल," ड्रायव्हर म्हणाला.

"लागू द्या की हो!" मास्तरीणबाई म्हणाल्या. "मग परत इथे यायला निमित्त मिळेल."

मागच्या खिडकीतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "मला ऐकू येतंय!"

तिघंही एकदम लंगडायला लागले. काका या वेळी आठवणीनं उजव्या पायानं.