ओठांचा चंबू

...आणि कवळी अजून काचेच्या वाटीत तशीच होती, पाण्यात, वरची पंगत तेवढी — गुलाबी हिरडी आणि मुद्दाम पिवळसर करून घेतलेले दात, कारण बाबांनी दंतवैद्याला बजावलं होतं की एवढे पांढरे नकोत, माणूस उगाचच हसतोय असं दिसतं. छटा कळायच्या त्यांना. आयुष्यभर लोकांच्या भिंती रंगवलेल्या. बाबा गेल्यापासून ती रोज सकाळी वाटीतलं पाणी बदलत होती. का, ते तिला सांगता आलं नसतं. टाकून द्यायला हात धजत नव्हता, आणि जपून ठेवायची म्हटली तर कशात ठेवतात कवळी?... पाणी ओतताना कवळी जराशी हलली, आणि वाटलं, बाबा काहीतरी बोलायच्या बेतात आहेत. ते होते तेव्हाही असंच वाटायचं. बेतात. बोलणं काही फारसं बाहेर यायचं नाही.

मागे टेबलावर त्यांचा फोन थरथरला आणि थरथरत थरथरत कडेकडे सरकला. तिनं तो पडायच्या आत धरला. पुन्हा तेच नाव — ‘ओठांचा चंबू’. पहिल्यांदा ते नाव दिसलं तेव्हा तिला वाटलं होतं: अरे देवा, या वयात बाबा कसल्या नादाला लागले होते! आधीचं काही न उघडता, काही न वाचता तिनं त्या गटावर एक ओळ लिहून टाकली होती — हे गृहस्थ वारले, मी त्यांची मुलगी, कळावे. आणि तेव्हापासून फोन हा असा थरथरतोय. ना ओळख ना पाळख, कुठकुठली माणसं, त्यांना कसलं एवढं दुःख होतंय? तिच्या दुःखात कुणी वाटेकरी नको होते. ते आधीच फार मोठं नव्हतं — असं तिला वाटे, आणि तसं वाटल्याची लाजही वाटे. गप्प माणूस गेला की घरात काय बदलतं? गप्प होतं, गप्प आहे.

तरी आज निघताना तो फोन तिनं पर्समध्ये टाकला. आजच का, कोण जाणे.

वाटेत एका इमारतीला बांबू लावले होते. वर कुणीतरी भिंत घासत होतं, पांढरी भुकटी उन्हातून इतकी सावकाश खाली येत होती की तिचे पाय आपोआप मंदावले... आई असंच थांबवायची तिला. हातात बाबांचा डबा, मान वर. ‘थांब, ऐकू दे. तिसऱ्या मजल्यावर आहे तुझा बाप.’ कारण शीळ यायची. बाबा कामावर असले की शीळ घालायचे, आणि भिंतीकडे तोंड असलं की ती बारीक व्हायची, वळले की जाड, आणि ब्रश बुडवायला वाकले की मध्येच तुटायची. खाली उभं राहून आई सगळं सांगायची — आता कोपरा करतोय, आता शिडी सरकवतोय. एवढ्या मोठ्या इमारतीत आईला त्यांना कधी शोधावं लागलं नाही. मग आई गेली, आणि शीळही गेली. तिनं मनाशी ते तसंच धरून ठेवलं होतं, की आईबरोबर गेली. ऐकणारी गेली की कोण कशाला शीळ घालील... भुकटीचा एक कण तिच्या पापणीवर बसला. ती पुढे निघाली.

कानांच्या दवाखान्यात ती लोकांना किती ऐकू येतं ते तपासायची. काचेच्या खिडकीची एक छोटी खोली, भिंतींना फोम, जाड दार. आत माणूस, बाहेर ती. ‘आवाज आला की बटण दाबायचं, आजोबा. अगदी बारीक आला तरी.’ आजोबांनी मान हलवली आणि तिनं काहीच वाजवलेलं नसताना बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

‘आजोबा, आत्ता आवाज नव्हता.’

‘मला आला.’

‘त्यांना नसलेलं सगळं ऐकू येतं,’ बाहेर बसलेल्या आजी म्हणाल्या. ‘मी बोलते तेवढं सोडून.’

ती हसली. आजोबाही हसले, म्हणजे हे मात्र त्यांना ऐकू आलं होतं. ते हसू बराच वेळ तिच्या तोंडावर तसंच राहिलं, काढायचं विसरलेल्या चष्म्यासारखं.

जेवणाच्या सुट्टीत ती त्या खोलीत जाऊन बसली. दार लावलं की जगच मिटतं तिथं. थोड्या वेळानं आपलंच रक्त ऐकू येतं, पाण्याखालून यावं तसं. तिनं हेडफोन बाबांच्या फोनला जोडले. वाचू या, म्हणत होती. पण तिथं वाचण्यासारखं फारसं नव्हतंच. सगळे आवाज होते, रेकॉर्ड करून पाठवलेले.

पहिल्यांदा शीळ आली. एक सरळ, लांब सूर, हळूच खाली वळलेला. मग थरथरला, तुटला, आणि एक पुरुष खाकरला. ‘माफ करा, ताई. मला वाटलं होतं, पूर्ण घालीन. ओठ थांबेनात. मी बेकरीवाला. तुम्ही मला ओळखत नाही.’

शीळ घालणाऱ्या माणसांचा गट होता तो. एवढंच. कुठकुठली माणसं, कुणीच कुणाला भेटलेलं नाही, दिवसातून एकदा एकमेकांना शीळ ऐकवायची. बेकरीवाला पाव भट्टीत असेपर्यंत सांगत राहिला: ‘रंगारीबुवा आमच्याकडे आले तेव्हा नवी कवळी होती त्यांची. नुसती हवा यायची हो. फुस्स. दुसरा असता तर सोडून गेला असता. हे रोज हवा पाठवायचे. आम्हीही दाद द्यायचो — वा बुवा, आज वारा पडला नाही म्हणायचा! मग मी सांगितलं, जीभ खालच्या दातांना लावा, गाल आत घ्या, आरशासमोर बसा...’

आरशासमोर. तिनं डोळे मिटले. मोरीच्या आरशासमोर बाबा, ओठांचा चंबू, गाल आत ओढलेले, कवळी कधी तोंडात कधी हातात; आणि दारात ती — आता हेही सुरू झालं का, भ्रम, आता यांना एकटं ठेवता येणार नाही... ‘बाबा, दात दुखतायत का?’ ‘नाही गं. हवा लागते जरा.’ ती त्यांना हाताला धरून दंतवैद्याकडे घेऊन गेली होती. त्यानं कवळी घासून नीट बसवून दिली. बाबा येताना रस्ताभर गप्प.

‘...आणि नेमकी जमायला लागली तेव्हाच डॉक्टरनं कवळी घासली,’ बेकरीवाला म्हणत होता, ‘पुन्हा पहिल्यापासून सगळं! आम्ही चिडलो. तर बुवा म्हणाले, पोरीनं मायेनं नेलं, काय बोलणार.’

तिनं तेवढंच पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. परक्या माणसाच्या तोंडून आलेले बाबांचे शब्द, पिठाच्या वासाचे. माया हा शब्द बाबांना माहीत होता? माझ्यासमोर तर त्यांनी कधी...

मग तिनं गटात मागे मागे जाऊन बाबांचेच आवाज शोधले. पुष्कळ होते. आधी वारा, वाऱ्यात कुठेतरी सूर असल्याचा भास, मग सूर, कापरा, आणि मग एका संध्याकाळची अख्खी शीळ, वळणं घेत वर गेलेली, जाड झालेली, बारीक झालेली — आणि तुटलेली. तुटण्याआधी एक खट्ट. किल्लीचा. तिच्या किल्लीचा, घराच्या दाराला तो वरचा झटका द्यावाच लागतो. आणि त्यावर बाबांचा आवाज, घाईचा, जवळून: ‘आली.’

दुसरी लावली. शीळ, खट्ट, ‘आली.’ तिसरी. ‘आली.’ दिवसच्या दिवस बाबांची शीळ तिच्या येण्यापाशी येऊन थांबत होती. लोकांचे कान तपासणारी ती, एका शब्दासाठी आवाज वाढवून, कमी करून ऐकत राहिली: शेवटचा ‘ली’ वर जातोय की खाली? आनंदानं म्हणालेत, की — आली, झालं, बंद करा? कधी वर गेल्यासारखा वाटे, कधी खाली. समोर बटण होतं. ती ते दाबू शकली नसती.

गटात एक मास्तरीणबाई होत्या. त्यांनी तेवढं लिहून पाठवलं होतं — बोलावंसं वाटलं तर फोन कर, दुपारी मी मोकळीच असते. तिनं केला. कशी सुरुवात करायची ते ठरलेलं नव्हतं.

‘मी... रंगारीबुवांची मुलगी.’

‘किल्लीबाई!’ पलीकडून आवाज आला, आणि लगेच ओशाळला. ‘अगं, रागावू नकोस हं. आम्ही तसंच म्हणायचो तुला. तुझी किल्ली वाजली की बुवा गुल.’

‘का पण?’ तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा झाला. ‘माझ्यापासून काय लपवायचं होतं एवढं? मला आवडली असती शीळ. मी ती... मी लहानपणापासून...’

‘मी विचारलं होतं गं त्यांना. म्हणाले, अर्धी रंगवलेली भिंत मी गिऱ्हाइकाला दाखवत नाही. पोरीच्या आईनं माझी चांगली शीळ ऐकली आहे, पोरीनंही. ही कशी ऐकवू? आम्ही म्हटलं, बुवा, आता जमतंय की, छान जमतंय. तर म्हणायचे, अजून एक हात मारायचा राहिलाय.’

फोमच्या भिंतींनी ते वाक्य शोषून घेतलं. एक हात. बाबांचा शेवटचा हात कधीच शेवटचा नसायचा, आई चिडायची, गिऱ्हाईक खूश आहे तर तू का उतरत नाहीस शिडीवरून... तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं ते काही वेगळंच होतं, कोमट, जडसर, झोप यावी तसं. बाबा लपत नव्हते. की लपतच होते? दोन्ही एकदम असू शकतं?

‘एक विचारू?’ बाई म्हणाल्या. ‘नाही सांगितलंस तरी चालेल. आम्हाला त्यांचं सगळं त्या किल्लीपर्यंतच माहीत आहे बघ. “आली” म्हणायचे आणि बंद. पुढचं आम्ही कधी ऐकलंच नाही. दार उघडल्यावर काय व्हायचं?’

‘काही नाही,’ ती म्हणाली. ‘काहीच व्हायचं नाही.’

‘बरं.’

पण बाईंनी फोन ठेवला नाही. त्या ऐकत होत्या. ऐकणाऱ्या माणसाची शांतता वेगळी असते, हे तिला कामानं शिकवलं होतं.

‘म्हणजे... मी आत यायचे. ते खुर्चीत असायचे. चप्पल नीट लाव, म्हणायचे. मी नीटच लावायचे, तरी म्हणायचे.’

‘हं.’

‘मग चहा. तो ते करून ठेवायचे, झाकून. गार झालेला असायचा, मी तसाच प्यायचे. आणि ते माझ्याकडे बघत बसायचे — माझ्याकडे म्हणजे, कपाकडे. संपेपर्यंत. मग कप उचलून न्यायचे.’

काचेपलीकडे मदतनीस मुलगी हातानं खुणावत होती, पुढचा पेशंट आला होता. तिनं तिच्याकडे पाहिलं, आणि काच, मुलगी, मागची रिकामी खुर्ची, सगळं लांब, उन्हात तरंगल्यासारखं दिसलं. कप रिकामा होईपर्यंत ते काय बघत होते? तिनं कधी वर पाहिलं नव्हतं. आता आठवणीत पाहिलं, तर बाबांचे ओठ जरासे पुढे आलेले होते, की तिला तसे दिसत होते, हे तिला ठरवता येईना.

‘मग?’ बाई म्हणाल्या.

तिनं श्वास घेतला. मग काही नाही, असंच ती इतकी वर्षं समजत आली होती. आणि आता त्या ‘मग’च्या पुढे, एकामागून एक, किती संध्याकाळी उभ्या होत्या...

‘मग ते,’ ती म्हणाली.